दोन आठवड्यांचा खोकला आणि सहा महिन्यांचं पीक

(यवतमाळ जिल्हा बैठकीत छातीच्या आजारांच्या डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या बैठकीत बोलणं होतं ते कापसाच्या भावाचं, कर्जाचं, विजेचं. त्यात छातीच्या डॉक्टरचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. मीसुद्धा हिशेबाचंच बोलायला आलो आहे. एकरी कापूस किती पिकला, बियाणं, खत, फवारणी, वेचणी धरून खर्च किती आला, हा हिशेब तुम्ही आता नीट मांडता. घरातला करता माणूस चार महिने खोकत राहिला, तर त्याचा खर्च किती, हा हिशेब मात्र कुठल्याच वहीत लिहिलेला सापडत नाही.

मी क्षयाबद्दल बोलतो आहे. गावात त्याला टीबी म्हणतात, आणि तेही हळू आवाजात. जगातल्या दर चार क्षयरोग्यांमागे एक भारतात आहे. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायची घोषणा २०१८ साली झाली होती. २०१५ साली एक लाख लोकांमागे वर्षाला २३७ जणांना क्षय होत होता, २०२४ साली तो आकडा १८७ वर आला. म्हणजे रोग कमी झाला हे खरं, पण गेला नाही. घोषणेचं वर्ष आलं आणि रोग गावातच राहिला.

मला सांगायची गोष्ट एकच आहे. क्षयाचं निदान आणि क्षयाचा उपचार, दोन्ही ओपीडीत होतात. ओपीडी म्हणजे बाह्यरुग्ण विभाग. चालत यायचं, तपासून घ्यायचं, औषध घेऊन घरी जायचं. बहुतेकांना खाटेवर पडावं लागत नाही. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. मग माणूस दगावतो कशानं? उशीर केल्यानं आणि उपचार अर्ध्यात सोडल्यानं. हे दोन खड्डे बुजवणं मोठ्या इस्पितळाच्या हातात कमी आणि तुमच्या हातात जास्त आहे.

उशीर कुठं होतो?

दर हंगामात ठरलेली वाट असते. दसऱ्याच्या आसपास खोकला सुरू होतो. पहिली वेचणी चालू असते. कास्तकार म्हणतो, धूळ गेली असेल. मेडिकलवाल्याकडून एक बाटली येते. दिवाळी होते. संध्याकाळी अंग कसकसतं, जेवण जात नाही. मग गावात येणाऱ्या डॉक्टरची सुई, पाठोपाठ सलाईन. चार दिवस बरं वाटतं. तुरी काढायच्या असतात. संक्रांतीपर्यंत शर्ट खांद्यावरून लोंबायला लागतो. मग कोणी सांगतं बाहेरचं काही आहे, त्यात एक कोंबडं आणि दोन वाऱ्या जातात. होळीच्या सुमाराला थुंकीत रक्त दिसतं आणि तेव्हा घरचे घाबरून जिल्ह्याच्या गावाला आणतात. दसरा ते होळी झाले पाच महिने. या पाच महिन्यांत सुया, सलाईन, बाटल्या, एसटीचं भाडं, बुडालेली रोजी आणि त्याच्या जागी लावलेली माणसं, हा सगळा खर्च तुमचा तुम्ही मांडा. आणि एवढं करून रोगावरच्या औषधाची एक गोळीसुद्धा पोटात गेलेली नसते.

हे मी मनानं सांगत नाही. सरकारनं २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाची पाहणी केली. ज्यांना क्षयाची लक्षणं होती अशा शंभरातले ६४ जण कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. का गेला नाहीत, असं विचारलं, तेव्हा त्यातल्या शंभरात ६८ जणांनी सांगितलं, दुर्लक्ष केलं. पैसे नव्हते असं सांगणारे शंभरात दोन निघाले.

शहरातला शहाणा माणूस हे वाचून म्हणेल, खेड्यातली माणसं अडाणी आहेत. मला तसं वाटत नाही. कापूस फुटलेला आहे, वर आभाळ आलेलं आहे, बाया रोजानं लावलेल्या आहेत, अशा दिवशी वावर सोडून एसटीनं दवाखान्यात जायचं आणि रांगेत बसून हात हलवत परत यायचं, हे कोणाला परवडेल? त्या दिवसाच्या हिशेबानं तो बरोबरच वागतो. चूक होते ती पूर्ण हंगामाच्या हिशेबात. म्हणून मी तुम्हाला 'दुर्लक्ष करू नका' एवढाच उपदेश करून जाणार नाही. कमीत कमी दिवस मोडून काम कसं होईल, ते सांगतो.

खोकला कधी संशयाचा?

खूण सोपी आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला राहिला, तर थुंकी तपासायची. बेडका पडो किंवा न पडो. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री अंगाला घाम सुटणं, छातीत दुखणं यांतलं काही असेल तर संशय वाढतो. थुंकीत रक्त दिसलं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. घरात कोणाला क्षय असेल, साखरेचा आजार असेल, एचआयव्ही असेल, दारू-बिडी जास्त असेल किंवा माणूस अगदीच रोडावलेला असेल, तर थोड्या खोकल्यालाही तपासणी करावी. वणीकडे खाणीत, दगडाच्या क्रशरवर काम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली की क्षयाला आयतं घर मिळतं.

प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो, हेही तितकंच खरं. जिनिंगमधल्या सरकीच्या धुळीनं छाती आवळते. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बाईला पन्नाशीत धाप लागते, बिडी ओढणाऱ्याला लागते, दमा तर लहानपणापासून असू शकतो. या रोगांची औषधं वेगळी आहेत. क्षय नसताना क्षयाच्या गोळ्या आणि क्षय असताना दम्याचा पंप, दोन्ही नुकसानीचेच. म्हणून अंदाजानं काही सुरू करायचं नाही, आधी तपासणी.

आणखी एक. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणी करताना जी माणसं गेली, ती आपण विसरलेलो नाही. फवारणी केली आणि त्याच दिवशी मळमळ, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, धाप, अंधारी असं झालं, तर ती विषबाधा आहे. तिथं एक तासही थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. दोन आठवड्यांचा नियम तिथं लावू नका.

ओपीडीत काय होतं?

मुख्य तपासणी थुंकीची. थुंकीचे दोन नमुने घेतात, त्यातला एक सकाळी उठल्याबरोबरचा असावा. नमुना म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकून बेडका डबीत काढायचा. झाकण घट्ट लावायचं. लाळ गेली की तपासणी वाया जाते, रोग असून 'नाही' असा कागद हातात येतो आणि माणूस निर्धास्त होऊन पुन्हा दोन महिने खोकत बसतो.

पूर्वी ही थुंकी काचेवर पसरून दुर्बिणीखाली पाहत. त्यात जंतू भरपूर असले तरच दिसायचे. आता मशीन आलं आहे. एकाला सीबीनॅट म्हणतात, दुसऱ्याला ट्रूनॅट. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेलं मशीन आहे आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. जंतू थोडे असले तरी ही मशीनं ते पकडतात, आणि काही तासांत दोन गोष्टी सांगतात. पहिली, क्षय आहे की नाही. दुसरी, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूला लागू पडेल की नाही. दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच मोलाची आहे. ज्या औषधाला जंतू दाद देत नाही ते औषध सहा महिने खाऊन काय उपयोग? म्हणून ओपीडीत गेलात तर विचारा, माझी थुंकी मशीनवर गेली का?

सोबत छातीचा एक्सरे निघतो. त्या देशभराच्या पाहणीत जे क्षयरोगी सापडले, त्यांतले शंभरात ४२ पेक्षा जास्त केवळ एक्सरेमुळं सापडले. त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. तेव्हा गावात एक्सरेची गाडी आली, तर 'मला काही झालेलं नाही' म्हणून वावरात निघून जाऊ नका. पण नुसत्या एक्सरेवर निकालही देऊ नये. जुन्या बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग राहतो, न्यूमोनियाचा डाग तसाच दिसतो. एक्सरे संशय दाखवतो, जंतू थुंकीत सापडतो. लहान लेकरांना बेडका काढता येत नाही, कोणाला मानेत गाठ असते, कोणाच्या छातीत पाणी असतं, तिथं तपासणीची रीत वेगळी आणि ती डॉक्टर सांगतील. रोग ठरला की साखर आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, कारण त्यावर पुढचा उपचार अवलंबून असतो.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. क्षय झाला की नाही हे ठरवायला रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून देणाऱ्या लॅब पूर्वी ठिकठिकाणी होत्या. ती तपासणी खोटा निकाल देते, म्हणून केंद्र सरकारनं २०१२ साली तिच्यावर बंदी घातली. दुसरी गोष्ट, थुंकी देण्याआधी ताकदीच्या अँटिबायोटिकचा मारा. त्यांतली काही औषधं क्षयाचा जंतू मारत नाहीत, नुसता दाबून ठेवतात. मग तपासणीत जंतू दिसत नाही आणि आणखी महिना जातो.

एवढ्या मोठ्या रोगाला खाट नको?

हा प्रश्न मला रोज विचारतात. 'डॉक्टर, भरती करून घ्या, सलाईन लावा, घरी कसं बरं होईल?' प्रश्न चुकीचा नाही. एके काळी उपाय तोच होता. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला क्षयानं गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढं मांडला होता, म्हणजे रोग कशानं होतो ते आनंदीबाईंच्या हयातीत कळलं होतं. पण औषध निघायला आणखी साठ वर्षं लागली. तोवर चांगली हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि सॅनेटोरियमची खाट एवढंच हातात होतं. गरिबाला तेही नव्हतं.

औषधं निघाली तेव्हा प्रश्न आला की एवढ्या खाटा आणायच्या कुठून? १९५६ साली मद्रासला यावर प्रयोग सुरू झाला. १९३ गरीब रोगी घेतले. निम्म्यांना वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवलं, खाणं-पिणं आणि आराम दिला. निम्मे आपल्या दाटीवाटीच्या झोपड्यांत राहिले, कामावर जात राहिले, जेवणही तुटपुंजंच. औषध दोघांना एकच. वर्षाच्या शेवटी सॅनेटोरियममधल्या शंभरात ९२ जणांचा रोग शमला होता आणि घरी राहिलेल्यांतल्या शंभरात ८६ जणांचा. फरक फार नव्हता. रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली का, तेही पाहिलं. तशी झाली नव्हती. १९५९ साली हे निकाल छापून आले आणि जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडू लागली. १९६२ साली आपल्या देशाचा क्षय कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर. तेव्हा ओपीडीतून गोळ्या देऊन डॉक्टर तुम्हाला कटवतो आहे, असं समजू नका. हा सिद्ध झालेला रस्ता आहे, आणि तो आपल्यासारख्या गरीब माणसांवरच सिद्ध झाला आहे.

धाप फार लागली, रक्ताची गुळणी आली, कावीळ झाली, माणूस उठू-बसू शकत नसला, तर भरती करावंच लागतं. पण ते थोड्यांचं.

सहा महिन्यांचं पीक

आता उपचार. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं. ती एकाच गोळीत मिसळलेली असतात. २०१७ पासून आपल्या कार्यक्रमात या गोळ्या रोज द्यायला लागले, त्याआधी दिवसाआड देत. किती गोळ्या, हे वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन, ५० ते ६४ किलोच्या माणसाला रोज चार. म्हणून ओपीडीत वजनकाट्यावर उभं राहिल्याशिवाय गोळ्या घेऊ नका, आणि वजन वाढलं की गोळ्यांची संख्या पुन्हा विचारून घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप जातो, भूक लागते, खोकला कमी होतो. लागण देण्याची ताकदही झपाट्यानं उतरते. दोन महिन्यांत माणूस डवऱ्याच्या मागं चालायला लागतो. आणि इथंच दुसरा खड्डा आहे. बरं वाटलं की गोळ्या सुटतात.

जूनमध्ये मृगाच्या पावसावर पेरलं, ऑगस्टमध्ये पऱ्हाटी हिरवीगार दिसली, म्हणून कोणी निंदण-डवरण सोडून घरी बसतं का? कापूस घरात येईपर्यंत पीक आपलं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पेरणीपासून वेचणीपर्यंत साधारण सहा महिने. क्षयाचंही तेच.

अर्ध्यात सोडलं तर काय होतं, हेसुद्धा तुम्ही वावरात पाहिलं आहे. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरत होती. बियाण्याच्या डब्यासोबत बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, बांधाच्या कडेनं पेरायला. किती जणांनी पेरलं? लाखो अळ्यांत एखाद-दुसरी बीटी खाऊन जगणारी असते. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिची वीण वाढली. २०१७ साली गुलाबी अळीनं बोंडंच्या बोंडं पोखरली ते सगळ्यांना आठवतं. क्षयाच्या जंतूंचं तसंच आहे. छातीतल्या कोट्यवधी जंतूंत थोडे एका औषधाला न मरणारे असतात. म्हणून एकदम चार औषधं द्यायची. एकातून सुटला तो दुसऱ्यात मरतो. मध्येच सोडलं, चारातलं एकच खाल्लं, गोळ्या कमी घेतल्या, की चिवट जंतू उरतात आणि त्यांचीच पैदास होते. मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. आणि तोच चिवट जंतू हवेतून घरच्यांना लागतो, ज्यांनी एकही गोळी चुकवलेली नसते.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं? २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी चार रोगी जगापुढं मांडले. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूला लागू पडत नव्हतं. त्यांतल्या तिघांनी आधी एकापाठोपाठ एक खासगी डॉक्टर बदलत, चुकीच्या मात्रेत, एकेक करून औषधं घेतली होती. आता चिवट क्षयालाही गोळ्यांचा उपचार आहे. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षं आणि बहिरं करणारी इंजेक्शनं लागत. २०२४ साली केंद्र सरकारनं चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला. पण तो औषधालाही भारी आणि अंगालाही भारी. साध्या क्षयाचा चिवट क्षय होऊ न देणं यातच शहाणपण आहे.

गोळ्यांनी त्रास होतो तोही सांगतो, म्हणजे घाबरून कोणी सोडणार नाही. लघवी लाल-नारिंगी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. मळमळ होते, ती बहुधा थांबते. हातापायांना मुंग्या आल्या तर व्हिटॅमिनची गोळी मिळते. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, किंवा नजर धूसर झाली, रंग ओळखू येईनात, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात या. दारू, मग ती मोहाची असो की दुकानातली, या सहा महिन्यांत बंद. औषध आणि दारू दोघांचा भार एकाच लिव्हरवर पडतो. मायबहिणींनी हे ध्यानात ठेवावं की या औषधानं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर जातो, तेव्हा दुसरी सोय विचारून घ्या. दिवस गेले असतील, अंगावर लेकरू पीत असेल, तरी उपचार थांबवायचा नसतो.

दोन महिने झाले की थुंकी पुन्हा तपासायची, उपचार संपताना पुन्हा तपासायची. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ओपीडीत तोंड दाखवून जायचं.

ताटात काय आहे?

मद्रासच्या प्रयोगानं दाखवलं की जंतू गोळीनं मरतो, ताट अपुरं असलं तरी मरतो. पण रोग कोणाला होतो आणि त्यात कोण दगावतो, हे ताटावर फार अवलंबून आहे. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडात डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी मोठा अभ्यास केला. २,८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं. सगळ्या रोग्यांना शिधा दिला. निम्म्या घरांत तो घरच्यांनाही दिला, माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा गेला, तिथं नवा क्षय शंभरातून सुमारे ३९ नं कमी झाला. आणि ज्या रोग्याचं वजन पहिल्या दोन महिन्यांत शंभराला पाचनं वाढलं, त्याच्या मरणाचा धोका निम्म्याहून खाली आला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो. एवढ्यावर माणूस वाचतो.

ज्या वावरात तूर पिकते त्या घरच्या ताटात डाळ पातळ, ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायची नाही. विकून देणं फेडावं लागतं. पण घरात क्षयरोगी असेल त्या वर्षी चार पायल्या तूर घरच्यासाठी बाजूला ठेवा. ज्वारीची भाकरी, डाळ, भुईमुगाचे दाणे, अंडं, मिळेल तसं दूध, हिरवी भाजी. परदेशी पावडरचा डबा लागत नाही.

सरकारकडून पोषणासाठी निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात. २०१८ साली योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांचे ६,००० रुपये, तीन हजारांच्या दोन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. खासगी डॉक्टरकडं उपचार घेत असाल तरीही मिळतात, नाव निक्षयवर नोंदलेलं पाहिजे. हे उपकार नव्हेत. हप्ता आला नाही तर खाते क्रमांक घेऊन जा आणि विचारा.

घरच्यांचं काय?

क्षय ताटवाटीनं, कपड्यानं, हात लावल्यानं लागत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत साठून राहतो. म्हणून भांडी वेगळी करण्यात अर्थ नाही. तोंडावर रुमाल धरा, खिडकी-दार उघडं ठेवा, दिवसा रोग्याला अंगणात बसू द्या, पहिले काही आठवडे झोपायला हवेशीर जागा द्या. एका घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, विशेषतः लहान लेकरांची. ज्यांना रोग नाही त्यांनाही प्रतिबंधाच्या गोळ्या देतात, आठवड्यातून एकदा अशा बारा आठवडे किंवा रोज एक असं सहा महिने.

आणि सुनेला क्षय निघाला की तिला माहेरी पाठवण्याची जी रीत आहे, तिच्याबद्दल स्पष्ट बोलतो. माहेरी गोळ्या सुटतात. लेकीचं लग्न मोडेल म्हणून आईबाप रोग लपवतात, तिथंही गोळ्या सुटतात. लपवलेला रोग घरातच पसरतो. सहा महिन्यांत बरी होणारी बाई आपण लाजेपायी घालवतो, हा हिशेब कुठल्याही भावात बसत नाही.

बैठकीनं घ्यायची कामं

मी सुरुवातीला म्हटलं की कमीत कमी दिवस मोडून काम व्हावं. ते एकट्यादुकट्यानं होत नाही, गावानं मिळून होतं.

पहिलं काम. थुंकीच्या डब्या उपकेंद्रातून, आशाताईंकडून गावात आणून ठेवा. ज्याला दोन आठवडे खोकला आहे त्याच्या दोन डब्या भरून आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रावर पोचवा. वेचणीच्या दिवसांत माणूस वावरात राहील, थुंकी दवाखान्यात जाईल. निकालाचा निरोप गावात आला पाहिजे, असा आग्रह धरा.

दुसरं काम. गोळ्यांचा साठा. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात अनेक ठिकाणी क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्रानं राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. शेतकऱ्याला एक दिवस चुकवू नको म्हणायचं आणि केंद्रावर गोळीच नसायची, हे चालणार नाही. महिन्यातून एकदा गावातल्या दोघांनी केंद्रावर जाऊन विचारायचं, क्षयाच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत? मशीन चालू आहे का? नसेल तर तालुक्याला आणि जिल्हा क्षयरोग केंद्राला लेखी कळवायचं.

तिसरं काम. दिवाळीनंतर जी माणसं कामासाठी तेलंगणात, पुण्या-मुंबईकडं जातात, त्यांत कोणी गोळ्यांवर असेल तर निघण्याआधी त्याचा निक्षय क्रमांक कागदावर लिहून खिशात द्या. त्या क्रमांकावर देशात कुठंही सरकारी केंद्रात उपचार पुढं चालू राहतो. कोलाम पोडावर आणि तांड्यावर हे आवर्जून सांगा, तिथं निरोप उशिरा पोचतो.

चौथं काम. गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकामागं गावातला एक माणूस. रोज संध्याकाळी 'गोळी घेतली का' एवढं विचारणारा. शेजारी, भाऊ, शाळेत जाणारी पोरगीसुद्धा चालेल. काही अडलं तर निक्षयचा फुकट फोन आहे, १८००-११-६६६६. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही छातीची ओपीडी आहे, पण तिथवर यायची वेळ येण्याआधी गावातच बरंच होण्यासारखं आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं तीन आकडे आणावेत. किती जणांची थुंकी तपासायला गेली, किती जणांना क्षय निघाला, आणि त्यांतले किती जण आज गोळ्या घेत आहेत. हे तीन आकडे कापसाच्या भावाच्या वहीतच, त्याच पानाखाली लिहा.